दीड किलोचा सोबती

रेडिओच्या स्टुडिओत बसलं की समोर माईक असतो आणि तो धरून उभा असलेला एक स्टँड असतो. गेली वीस-बावीस वर्षं अधूनमधून कविता वाचायला, चार शब्द बोलायला मी इथे येतो. माईककडे लक्ष जातं, स्टँडकडे कधी जात नाही. जायचं कारणच पडत नाही. तो जड असतो, हलत नाही, कुरकुरत नाही. आपण खुर्ची पुढे ओढायची, काचेपलीकडून हात होतो, लाल दिवा लागतो आणि बोलायला सुरुवात करायची. चांगला स्टँड आठवणीत राहत नाही. वाईट स्टँड मात्र विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

माझ्या आठवणीत असा एक स्टँड आहे. २००४ सालचा डिसेंबर होता. एका गावात शाळेच्या पटांगणावर ग्रामीण साहित्य संमेलन होतं आणि रात्री कविसंमेलन. थंडी अशी, की पुढच्या रांगेतली मंडळी घोंगडी पांघरून बसलेली. माझा नंबर आला. मी उंचीने पावणेसहा फुटांच्या वर. माईक खाली वाटला म्हणून मी स्टँडची दांडी वर ओढली, चाप चांगला जोर लावून आवळला, कविता वाचली, टाळ्या घेतल्या आणि जागेवर येऊन बसलो.

माझ्यानंतर एका तरुण शिक्षिकेचं नाव पुकारलं गेलं. पहिल्यांदाच व्यासपीठावर येत होत्या. उंची जेमतेम पाच फूट. माईक त्यांच्या कपाळाच्याही वर. एक स्वयंसेवक धावत आला, त्याने चाप सोडवायचा प्रयत्न केला, दुसऱ्याने केला, पण मी आवळलेला तो गंजका चाप काही सुटेना. माईक काढून हातात द्यावा, तर तो होल्डरला काळ्या चिकटपट्टीने गुंडाळून टाकलेला. शेवटी त्या बाई टाचा उंचावून, मान वर करून तशाच वाचू लागल्या. मागून कुणीतरी ओरडलं, ‘आवाज येत नाही!’ दोन कडवी झाली आणि त्यांनी कागदाची घडी घातली. मी व्यासपीठावर जवळच बसलो होतो, म्हणून मला ती दोन कडवी ऐकू आली. कविता चांगली होती. पटांगणातल्या माणसांना ती मिळालीच नाही. त्यानंतर त्या बाई मला कुठल्याही कविसंमेलनात दिसल्या नाहीत.

मंडळी, तो चाप मी आवळला होता. तेव्हापासून मी माईकच्या स्टँडकडे बघायला शिकलो. मी बी.ए. मराठीचा माणूस, यंत्रातलं मला फारसं काही कळत नाही. पण गावोगावी कार्यक्रम करताना जे चटके बसले, त्यातून जेवढं कळलं तेवढं आज सांगतो. पेटी-तबला घेऊन एसटीने फिरणारे गायक, भजनी मंडळं, शाहीर, ऑर्केस्ट्रातली मुलं, आमच्यासारखे कवी, अशा सगळ्यांना कधी ना कधी प्रश्न पडतो, की स्वतःचा एक स्टँड घ्यावा का आणि घेतला तर कोणता. हलका हवा, लहान घडी होणारा हवा, एवढं सगळेच सांगतात. पण हलका म्हणजे किती आणि हलकेपणाची किंमत कशात मोजायची, हे दुकानात कुणी सांगत नाही.

आधी एक साधी गोष्ट. तोंड आणि माईक यांच्यातलं अंतर दुप्पट झालं, की माईकपर्यंत पोचणारी आवाजाची शक्ती चौथाईवर येते. तोंडापासून चार बोटांवर असलेला माईक आठ बोटांवर गेला तर चौथाई, सोळा बोटांवर गेला तर सोळावा हिस्सा. मग स्पीकरवाला बटण चढवतो. बटण चढलं की स्पीकरमधून बाहेर पडलेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो आणि आपल्या सगळ्यांच्या परिचयाची ती कर्णकर्कश शिट्टी सुरू होते. म्हणजे गाणाऱ्याचा गळा आणि स्पीकरवाल्याची मशीन यांच्या मधोमध खरा कारभार असतो तो स्टँडचा. माईक तोंडासमोर नेऊन ठेवायचा आणि तिथेच टिकवायचा, एवढं एकच काम त्याला आहे. ते त्याला जमलं नाही तर बाकीचा सगळा खर्च वाया.

२००६ साली मी आणि माझा एक गझलगायक मित्र मिळून गझला आणि कवितांचा कार्यक्रम करू लागलो. तो पेटी घेऊन गाणार, एक तबलजी आणि मी निवेदन करून कविता म्हणणार. गणेशोत्सव, कोजागरी, वाचनालयांचे वर्धापनदिन असे कार्यक्रम मिळायचे. गावातला स्पीकरवाला दोन सरळ स्टँड आणायचा. आता पेटी घेऊन बसलेल्या गायकापुढे सरळ स्टँड ठेवणार कुठे? मध्ये पेटी आहे. स्टँड पेटीच्या पलीकडे ठेवला तर माईक तोंडापासून हातभर लांब. तिथे आडवी दांडी लागते, जी पेटीच्या डोक्यावरून माईक तोंडाशी आणून सोडते. ती नसली की स्पीकरवाले वेळूची काठी सुतळीने बांधायचे. दुसऱ्या गझलेला काठी हळूहळू खाली झुकायची आणि तिच्या मागोमाग माझा मित्रही झुकायचा. त्याच्या कंबरेचं दुखणं तिथूनच सुरू झालं, असं वहिनी अजून म्हणतात.

म्हणून आम्ही पहिला स्टँड घेतला तो दणकट बघून. खाली बिडाची गोल थाळी, वर सरळ दांडी, त्यावर बसवायची वेगळी आडवी दांडी. सगळं मिळून पाच किलोच्या आसपास. उभा केला की खांबासारखा उभा. पण तो पिशवीत घालून एसटीत चढताना कंडक्टरने विचारलं, “भाऊ, जात्याची तळी घेऊन कुठं निघालाय?” पेटी होती, तबला-डग्गा होता, त्यात ही तळी. तीन महिन्यांत आम्ही दमलो.

दुसरा स्टँड घेतला तो या रागापोटी. दुकानात सगळ्यात हलका कुठला, एवढंच विचारलं. तीन पायांचा, घडी होणारा, जेमतेम दीड किलोचा. हातात घेतला आणि आम्ही दोघं खूश. पहिल्याच कार्यक्रमात, उघड्या मैदानावर, वाऱ्याची झुळूक आली, कुणाचा तरी पाय वायरला लागला आणि स्टँड माईकसकट तबल्याच्या पुडीवर पडला. तबलजी चार दिवस बोलला नाही.

या दोन स्टँडांनी मला जे शिकवलं, ते आकड्यांत सांगतो. आकडे सोपे आहेत. घरात तीन पायांची तिवई असेल तर एक प्रयोग करून बघा. एका पायाच्या बरोबर वर हाताने दाब द्या, तिवई हलणार नाही. दोन पायांच्या मधल्या कडेवर दाबा, लगेच उचलते. स्टँडचंही तेच आहे. समजा, मधल्या खांबापासून प्रत्येक पायाचं टोक ३० सेंटिमीटरवर आहे. पण स्टँड कलंडतो तो दोन पायांची टोकं जोडणाऱ्या रेषेवरून, आणि ती रेषा खांबापासून फक्त १५ सेंटिमीटरवर असते. दीड किलोचा स्टँड या रेषेला १५ गुणिले दीड, म्हणजे साडेबावीस एवढ्या जोराने धरून ठेवतो.

आता आडवी दांडी ७५ सेंटिमीटर बाहेर काढली. माईक, होल्डर आणि लोंबणारी वायर मिळून ४०० ग्रॅम धरा. शुअर कंपनीचा १९६६ पासून जगभर चालत आलेला एसएम-५८ हा गाण्याचा माईक एकटाच २९८ ग्रॅमचा आहे, म्हणजे हा अंदाज काही फुगवलेला नाही. दांडी दोन पायांच्या मधून बाहेर गेली असेल, तर माईक त्या रेषेच्या ६० सेंटिमीटर पलीकडे लोंबतो. ६० गुणिले ०.४ म्हणजे २४. धरणारा जोर साडेबावीस, पाडणारा चोवीस. स्टँड पडणार. वाऱ्याची वाटही बघायला नको. आता काही न बदलता फक्त स्टँड फिरवा आणि एक पाय बरोबर दांडीच्या खाली आणा. मग माईक बाजूच्या रेषांपासून फक्त साडेबावीस सेंटिमीटर बाहेर राहतो आणि पाडणारा जोर होतो ९. तोच स्टँड, तोच माईक, पण चोवीसचे नऊ झाले. दांडीचं स्वतःचं वजन हिशेब सोपा राहावा म्हणून मी सोडून दिलंय, पण गोष्ट तीच राहते. आडव्या दांडीखाली एक पाय हवाच. आमचा दुसरा स्टँड वाईट नव्हता. आम्ही तो चुकीचा उभा केला होता.

बिडाच्या थाळीचा हिशेबही बघू. २५ सेंटिमीटर व्यासाची थाळी, म्हणजे कड खांबापासून साडेबारा सेंटिमीटरवर. आडवी दांडी सोडून एकूण वजन साडेचार किलो धरलं, तर धरणारा जोर होतो ५६ आणि तो सगळ्या बाजूंनी सारखा. म्हणून थाळीचा स्टँड कसाही ठेवला तरी चालतो. त्याचं स्थैर्य वजनातून येतं आणि तीन पायांच्या स्टँडचं पसाऱ्यातून. हलका स्टँड घेतला म्हणजे वजनातून मिळणारं स्थैर्य आपण सोडून दिलं. ते दुसरीकडून भरून काढावंच लागतं.

ते कुठून भरायचं, याचं उत्तर मला एका गावात तहान लागली तेव्हा मिळालं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाणी प्रत्येक गावात मिळतं, कार्यकर्ते व्यासपीठावर बाटल्या आणूनच ठेवतात. तेव्हापासून आमच्या स्टँडच्या पिशवीत एक कापडी थैली असते. कार्यक्रमाच्या जागी पोचलो की भरलेल्या दोन लिटरभर बाटल्या थैलीत घालायच्या आणि थैली स्टँडच्या मधल्या खांबाला, पाय फुटतात तिथे, खांबालगत अडकवायची. दीड किलोचा स्टँड साडेतीन किलोचा होतो. साडेतीन गुणिले १५ म्हणजे साडेबावन्न, जवळजवळ बिडाच्या थाळीइतका भक्कम. कार्यक्रम संपला की पाणी पिऊन टाकायचं आणि दीड किलो घेऊन एसटीत चढायचं. पसारा बरोबर न्यावा आणि वजन त्या त्या गावातून उसनं घ्यावं, असा आमचा नियम झाला.

मग घडीचा प्रश्न येतो. नेहमीचा तीन पायांचा स्टँड मिटला तरी तीन फुटांच्या आसपास लांब राहतो. एसटीच्या रॅकवर तो आडवा बसतो, पण मोटारसायकलवर मागच्या माणसाला तो भाल्यासारखा धरावा लागतो. लहान घडीचे स्टँड दीड-दोन फुटांत मिटतात, कारण त्यांची दांडी दोनाऐवजी तीन किंवा चार तुकड्यांची, एकात एक सरकणारी असते. सोयीचं आहे, पण जितके सांधे जास्त तितक्या डगमगायच्या जागा जास्त. शिवाय सगळ्यात वरचा तुकडा सगळ्यात बारीक. म्हणून वापरताना आधी खालचे जाड तुकडे पूर्ण वर काढावेत आणि बारीक तुकडा लागेल तेवढाच बाहेर घ्यावा. घडी किती लहान हवी, हे आपण प्रवास कशाने करतो यावर ठरवावं. स्वतःची गाडी असेल तर तीन फुटांचा स्टँड बरा, त्यात सांधे कमी.

धातूचंही बघावं लागतं. अॅल्युमिनियम पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं. पण ताठपणाही त्याचा एक तृतीयांशच. म्हणून अॅल्युमिनियमची नळी चांगल्या जाडीची आणि रुंद असेल तरच घ्यावी. पातळ नळीला एकदा पोचा आला, की आतला तुकडा सरकत नाही आणि स्टँड कायमचा एकाच उंचीचा होऊन बसतो. प्लास्टिक सगळीकडे वाईट नसतं. पायांच्या टोकाला, मुठीला ते चालतं. पण दोन जागा धातूच्याच हव्यात. एक, जिथे तिन्ही पाय खांबाला मिळतात तो सांधा आणि दुसरी, जिथे आडवी दांडी उभ्या दांडीला धरली जाते तो चाप. सगळा भार या दोन जागी येतो आणि स्वस्त स्टँड मोडतात तेही इथेच.

मी मिरजेचा. आमच्याकडे सतार आणि तंबोरा बनवणाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची घरं आहेत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला वाळलेला भोपळा ते हातात घेतात, बोटाने वाजवून बघतात. एवढा मोठा तंबोरा उचलावा तर हाताला हलका लागतो. हे हलकेपण सरसकट काढलेलं नसतं. भोपळा पातळ असतो, पण जिथे तारांचा ओढ येतो तिथलं लाकूड भक्कम असतं. स्टँड पारखताना मला हेच उपयोगी पडलं. नुसतं वजन करू नये, भार कुठे येतो ते बघावं आणि तिथे कंपनीने काटकसर केली आहे का ते बघावं.

मिरजेतच दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते. खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर तिथेच आहे. लहानपणापासून त्या सभेत बसत आलो. तिथे गाणारे बसून गातात. बसलेल्या माणसाचं तोंड जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास. उभ्याने गाण्याचे बरेच स्टँड पूर्ण मिटले तरी तीन फुटांच्या खाली उतरत नाहीत. म्हणजे बैठकीचं गाणं करणाऱ्याने स्टँड घेताना जास्तीत जास्त उंची विचारण्याआधी कमीत कमी उंची विचारायला हवी. बैठकीसाठी आखूड स्टँड वेगळे मिळतात. ते दीड-दोन फुटांचे, छोट्या आडव्या दांडीचे असतात, पेटीला आणि तबल्यालाही चालतात आणि पिशवीत सहज मावतात. ज्यांचं सगळं गाणं बसूनच आहे, त्यांनी उंच स्टँडच्या नादी लागू नये.

कुणी कुठला घेऊ नये, हेही सांगायला हवं. डफ घेऊन व्यासपीठभर फिरणारा शाहीर किंवा नाचत-डोलत कीर्तन करणारे बुवा यांना स्टँड जखडून टाकतो. त्यांना डोक्याला किंवा कॉलरला लावायचा माईक बरा. ज्यांचे कार्यक्रम एकाच देवळात, एकाच सभागृहात होतात, त्यांनी सरळ बिडाच्या थाळीचा स्टँड घ्यावा. तो कमी जागा अडवतो आणि ये-जा करणाऱ्यांच्या पायात येत नाही. तीन पायांचा स्टँड पसारा मागतो, आणि गर्दीच्या व्यासपीठावर साडीचा घोळ नाहीतर पायजम्याची मोहरी त्यात अडकतेच.

आता आट्यांबद्दल. माईकचा होल्डर स्टँडच्या टोकावर फिरवून बसवतात. तिथले आटे दोन मापांचे असतात. एक पाच सुतांचं, इंचाला २७ आटे. दुसरं तीन सुतांचं, इंचाला १६ आटे. हार्डवेअरच्या दुकानात आठ सुतांचा इंच अजून चालतो, म्हणून हे माप आपल्याकडे कुणालाही समजतं. तुमचा होल्डर एका मापाचा आणि स्टँड दुसऱ्या मापाचा निघाला तर मध्ये बसवायची छोटी पितळी चकती मिळते, आतून तीन सूत आणि बाहेरून पाच सूत. किंमत किरकोळ, पण ऐन वेळी ती नसली तर कार्यक्रम अडतो. मी दोन ठेवतो. एक स्टँडवर, एक चष्म्याच्या घरात.

देखभालीतली एक चूक मी स्वतः केली. दांडी जड सरकते म्हणून मी चापात शिवणयंत्राचं तेल सोडलं. त्या रात्री माईक कवितेगणिक बोटभर खाली येत राहिला. चाप दांडीला धरतो तो घासून, घर्षणाने. तिथे तेल गेलं की धरायला काही उरत नाही. दांडी कोरड्या फडक्याने पुसावी, बस. कोकणात कार्यक्रम करून आलात तर त्याच दिवशी पुसावी, खारी हवा नळीला गंज धरवते. आणि माझ्यासारखा जोर लावून चाप आवळू नये. माईक जागेवर राहील एवढाच पीळ पुरे.

पायांच्या टोकांना रबर असतं. त्याचं काम नुसतं घसरू न देण्याचं नाही. लाकडी व्यासपीठावर कुणी चाललं तर पावलांची धडधड पायांतून, दांडीतून वर चढते आणि माईकमध्ये ऐकू येते. रबर ती अडवतं. आमच्या स्टँडचं एक रबर कुठल्याशा गावात पडून राहिलं. अब्बांची काठी घरात तशीच उभी होती. ते जाऊन वर्ष झालं होतं. तिच्या बुडाचं रबर काढून बसवून पाहिलं, बरोबर बसलं. अजून तेच आहे. औषधाच्या दुकानात काठीची रबरं मिळतात, मापाचं बघून घ्यावं.

वायरही तशीच. माईकपासून निघालेली वायर थेट जमिनीवर सोडू नये. ती दांडीला दोन ठिकाणी धरून खाली आणावी आणि पायाशी सैल वेढा देऊन बांधावी. पाच फुटांवर ओढ बसली तर स्टँड पडतो. तीच ओढ पायाशी बसली तर फार तर जरा सरकतो. तबल्याची पुडी आम्ही हे माहीत नसल्यामुळे घालवली.

दुकानात जाताना स्वतःचा माईक बरोबर न्या. रिकामा स्टँड सगळेच चांगले दिसतात. माईक लावा, दांडी पूर्ण उंच करा, आडवी दांडी पूर्ण बाहेर काढा आणि चहा मागवा. दहा मिनिटांत माईक खाली झुकला तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. मग पाच वेळा उघडा, पाच वेळा मिटा. सुटे भाग मिळतात का, ते विचारा. जर्मनीतली कोनिग अँड मायर ही १९४९ पासूनची कंपनी स्टँडचे सुटे भागही विकते. आपल्या बाजारातल्या मालाबद्दल तोच प्रश्न दुकानदाराला विचारायला काही हरकत नाही. एका स्क्रूपायी अख्खा स्टँड टाकून द्यावा लागला, तर स्वस्ताईला अर्थ उरत नाही.

आणि शेवटची परीक्षा. बरोबर आलेल्यांत सगळ्यात बुटकं किंवा सगळ्यात अशक्त माणूस कोण असेल, त्याच्या हातात स्टँड द्या आणि म्हणा, हा तुझ्या उंचीचा करून घे. एका हाताने, कुणाला न बोलावता त्याला ते जमलं पाहिजे. आमचा तिसरा स्टँड आम्ही या परीक्षेवर घेतला. मित्राची धाकटी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती, तिने तो पास केला. वजन दीड किलोच्या थोडं वर, घडी दोन फुटांच्या आत. त्याचा वरचा चाप एकदा बदलला, एक रबर अब्बांचं, बाकी सगळं मूळचं.

२०२४ च्या जानेवारीत एका वाचनालयात आमचा कार्यक्रम होता. सुरुवातीला गावातल्या मुलांनी कविता म्हणायच्या होत्या. मी प्रास्ताविक केलं आणि खुर्चीकडे वळताना सवयीने चापाला अर्धा पीळ सोडून ठेवला. हे मी आता प्रत्येक वेळी करतो. सातवीतली एक मुलगी आली. संयोजक उठायच्या आत तिने उजव्या हातातला कागद डाव्या हातात घेतला, दांडी खाली सरकवली, चाप फिरवला आणि सुरू झाली. मी मुद्दाम शेवटच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. तिथे शब्दन् शब्द ऐकू येत होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)